ठिपका म्हणजे डाग, फुली म्हणजे पाळी

तिने पदराआडून कालनिर्णयची तीन पानं काढली आणि माझ्या ओसरीवर पसरली. ऑगस्ट, सप्टेंबर आणि भिंतीवरून तसंच फाडून आणलेलं चालू ऑक्टोबरचं पान. प्रत्येक चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने दुधाचा हिशोब: एक, दीड, एक, खाडा. खालच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने कुठे ठिपका, कुठे फुली. "ठिपका म्हणजे डाग, फुली म्हणजे पाळीसारखं," तिनेच समजावलं. मी मोजले. 38 ठिपके, 9 फुल्या.

"थांबूनच नाही राह्यलं वो ताई. पिशवीले काही झालं असन का?"

मी आरोग्यसेविका. कागदावर एएनएम, गावात नर्सबाई. शेलूबाजार आणि आजूबाजूच्या खेड्यांत, तांड्यांवर माझी 27 वर्षं गेली. मंगरूळपीर तालुक्यातलं हे गाव नागपूर-औरंगाबादच्या जुन्या रस्त्यावरचं. आता समृद्धी महामार्गाचा फाटाही इथेच उतरतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला नाव ऐकून माहीत असतं. पण बाया दवाखान्यात जे विचारत नाहीत ते संध्याकाळी माझ्या मागच्या दाराने येऊन विचारतात. ही पण दिवेलागणीलाच आली होती. सोयाबीनच्या सोंगणीवरून थेट आली होती, हाताला काड्यांचे ओरखडे.

तिची मुलगी दीड वर्षाची. दुसरं एवढ्यात नको म्हणून तिने जुलैच्या शेवटी 'अंतरा' ही गर्भनिरोधक सुई घेतली होती. कुठे घेतली ते इथे लिहीत नाही. गर्दी होती, दंडात सुई टोचली, कार्डावर पुढची तारीख घातली आणि पुढचीला आत बोलावलं. रक्ताचा शब्दही कुणी काढला नाही. तिसऱ्या आठवड्यात डाग सुरू झाले. घरात विटाळ पाळतात. पाळीचे चार दिवस दूर बसायची सवय होती, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण हे चार दिवस संपेनात. चूल बंद, देवघर बंद. नवरात्रात घट बसले तेव्हा ती ओसरीत गोधडीवर, आणि लेकरू रात्री आजीजवळ रडतंय. सासू वाईट नाही, मी तिला ओळखते. पण "सुई घेतली म्हणून हे मागे लागलं" हे तिने शेजारीपाजारी सांगून झालं होतं, आणि त्या आळीत अंतरा घ्यायला पुढची दोन वर्षं तरी कुणी आलं नसतं.

मी आधी तिला विचारायचं ते विचारलं. दिवसाला किती कापडं भिजतात? गाठी पडतात का? ताप, घाण वास, ओटीपोटात दुखणं? संबंधानंतर रक्त जातं का? सुई पाळीच्या कितव्या दिवशी घेतली? तिसऱ्या, म्हणजे सुई घेताना दिवस गेलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन पाहिलं, 9.8. कमीच, पण आमच्याकडे ते सुईच्याही आधीपासून तेवढंच असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. मग मी तिला सारवणाची गोष्ट सांगितली. ती मी आजवर शेकडो बायांना सांगितली असेल.

गर्भाशयाला आतून दर महिन्याला एक अस्तर चढतं. इस्ट्रोजेन ते जाड करतं, प्रोजेस्टेरॉन ते धरून ठेवतं. दिवस राहिले नाहीत की दोन्ही उतरतात आणि सगळं अस्तर एकदम सुटतं. ती पाळी. आता घरातली भुई आठव. शेणामातीचा जाड थर दिला, पुरता वाळू दिला आणि एका दिवशी सगळा खरवडला, तर भुई एकदाच मोकळी होते. पण कालवण पातळ करून नुसता हात फिरवला, तर त्या पापुद्र्याला धर नसतो. आज उंबऱ्यापाशी सुटतो, उद्या चुलीपाशी, परवा भिंतीच्या कडेला. अंतराच्या सुईत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असतं, 150 मिलिग्रॅम. ते प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातलं. ते स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव दाट करतं आणि अस्तर जाड होऊच देत नाही. पातळ अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, इथे तिथे फुटतात. तेच डाग. पिशवी सडत नाही, फाटत नाही, तिला जखमही होत नाही.

पहिले तीन ते सहा महिने हे असं चालतं. पुढे पुढे तो पापुद्रा इतका विरळ होतो की सुटायला काही उरत नाही. वर्षभर सुई घेणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक बायांची पाळी बंद होते, दोन वर्षांनी दहातल्या जवळपास सात जणींची. तेव्हा दुसरी भीती सुरू होते: पाळी येत नाही म्हणजे घाण रक्त आत साठतंय, ते डोक्यात चढेल, अंग सुजेल. आत काही साठत नाही. जे तयारच झालं नाही ते साठणार कुठून? उलट महिन्याला जाणारं रक्त वाचतं आणि ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना त्याचा फायदाच होतो. सुई बंद केली की पाळी परत येते, फक्त उशिरा. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सरासरी 10 महिने लागतात. जिला सहा महिन्यांत मूल हवंय तिने ही सुई घेऊच नये. आणि हे तिला सुईच्या आधी सांगायला हवं.

पाळी सोडून सुईचं आणखी काही असतं, तेही सांगून टाकते. काहींचं वजन वाढतं. सुई चालू असताना हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर बहुतेक भरून येतात. सुई घेतल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, कारण औषध हळूहळू सुटायला हवं. तारीख तीन महिन्यांची. दोन आठवडे आधी चालते, चार आठवडे उशीर झाला तरी चालते. बाळ अंगावर पीत असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येते, दूध कमी होत नाही.

आता माझं स्वतःचं. 1998 साली वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा माझी मोठी मुलगी सात महिन्यांची होती. मी नर्सिंगचा कोर्स झालेली, पण नोकरीवर अजून नवखी. एका डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं, रोज एक घ्या म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात डाग सुरू झाले. वर्गात 'दोन पाळ्यांच्या मधला रक्तस्राव' ही ओळ मी पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती. स्वतःच्या परकरावर डाग पाहिल्यावर ती ओळ मला आठवलीही नाही. वाटलं, आत काहीतरी बिघडलं. पाकीट अर्धवट टाकलं, कुणाला विचारलं नाही. दीड महिन्यात दिवस गेले. मुलगा माझ्या काळजाचा तुकडा आहे, पण त्या बाळंतपणाला माझं अंग तयार नव्हतं. हिमोग्लोबिन 7 वर आलं, रक्त चढवावं लागलं. त्या डॉक्टरांनी एवढंच म्हणायचं होतं, "पहिले दोन-तीन महिने मधेच डाग दिसतील, घाबरू नका, गोळी सोडू नका." दहा सेकंदांचं वाक्य आहे.

ते वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक बाईला सांगते. त्याच राष्ट्रीय पाहणीत साधनं वापरणाऱ्या बायांना विचारलं होतं की दुष्परिणामांबद्दल कुणी कधी सांगितलं का. देशभरात 62.4 टक्के जणी हो म्हणाल्या. म्हणजे दहातल्या जवळजवळ चौघी अजून तिथेच आहेत जिथे मी 1998 साली होते.

गोळ्यांचं गणित सुईपेक्षा वेगळं आहे. सरकारी माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात: 21 संप्रेरकांच्या, 7 लोहाच्या तपकिरी. लोहाच्या गोळ्या चालू असताना जे रक्त येतं ती खरी पाळी नसते. संप्रेरकं थांबली म्हणून अस्तर सुटतं, म्हणून ते कमी आणि वेळेवर येतं. मधेच डाग दिसले तर मी पहिला प्रश्न विचारते: गोळी चुकली का? बहुतेकदा चुकलेलीच असते. वावरात मुक्काम, माहेरी लग्न, पाकीट फडताळात राहिलेलं. कुणी क्षयरोगाची औषधं घेत असेल तर त्यातलं रिफाम्पिसिन गोळीचा असर मारतं, डागही येतात आणि दिवसही जाऊ शकतात; तिने दुसरं साधन घ्यावं. छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतली. 1991 पासून 'सहेली' या नावाने विकली जाते, आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने डाग फारसे येत नाहीत, पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करायची. आशाताईकडे निश्चय किट असतं. तांबीत संप्रेरक मुळीच नसतं. तिने पाळी वेळेवरच येते, पण पहिले काही महिने जास्त जाते आणि जास्त दुखते. बाया सुई, गोळी आणि तांबी यांचे अनुभव एकमेकींना सांगताना एकाच टोपलीत टाकतात, आणि मग जिच्या तांबीने अंगावरून जास्त गेलं तिचं ऐकून दुसरी गोळी सोडते.

संबंधानंतर घ्यायच्या 72 तासांच्या गोळीबद्दल तरुण मुली मला फोनवर विचारतात, समोर येत नाहीत. त्या गोळीने पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा आठवडाभर नंतर येऊ शकते, मधे डाग पडू शकतात. तारखेच्या पुढे सात दिवस गेले तर तपासणी. महिन्यात तीन-चार वेळा ती घेतली तर पाळीचा पत्ताच राहत नाही, आणि रोजच्या साधनाइतका भरवसाही तिच्यावर नाही.

पण आमच्या भागात पाळीचा सगळ्यात जास्त घोळ घालते ती वेगळीच गोळी. गर्भनिरोधक नसलेली. महालक्ष्म्या बसायच्या, रामनवमीला पोहरादेवीला जायचं, दिराचं लग्न. पाळीची तारीख मधेच येते. मग मेडिकलवर नवरा किंवा दीर जाऊन 'पाळी पुढे ढकलायची गोळी' आणतो. चिठ्ठी कुणी मागत नाही. ती असते नॉरएथिस्टेरॉन. तारखेच्या तीन-चार दिवस आधी सुरू करायची, चालू आहे तोवर अस्तर धरून राहतं, थांबवली की दोन-तीन दिवसांत सगळं एकदम सुटतं, पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त. एका बाईने मला सांगितलं की श्रावण ते दिवाळी तिने पाच वेळा घेतली. नोव्हेंबरात तिला कळेनाच की आपली पाळी नेमकी कोणती. काहींना वाटतं ही घेतली म्हणजे दिवसही राहत नाहीत, तसं नाही. काही जणींच्या पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, त्यांना ती द्यायचीच नसते, आणि तो धोका काउंटरवर कुणी विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो. देवाच्या दारात जायला अंगातली घडी मोडायची, आणि ती मोडायला घरातले पुरुष धावत जाऊन गोळी आणतात. तेच पुरुष निरोध आणायला जात नाहीत.

एवढं लिहिते याचं कारण तिचा पहिला प्रश्न. "पिशवीले काही झालं का?" या प्रश्नाचं उत्तर आपल्या राज्यात फार लवकर 'काढून टाका' असं मिळतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा विषय 2019 साली विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावर पांढरं जातं, पाळी जास्त जाते, अनियमित जाते, एवढ्यावर पिशव्या गेल्या, कारण फडात एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. आमच्या तांड्यांवरूनही ऊसतोडीला जोड्या जातात. अनियमित रक्त म्हणजे सडलेली पिशवी ही समजूत एकदा घट्ट झाली की सुईचे डागही त्याच रस्त्याने नेतात. म्हणून मी प्रत्येक बाईला सांगते, कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी सांग, तू सुई घेतली आहेस, कधी घेतली आहेस, आणि कार्ड दाखव.

सुईला विरोध करणाऱ्या बायांबद्दलही मला काही म्हणायचं आहे. 1985 मध्ये आंध्रात पाटनचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेट-एन या अशाच सुईची चाचणी सुरू होती. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन पाहिलं, तर बायांना ही चाचणी आहे हेच धड माहीत नव्हतं. 1986 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईतल्या स्त्रीसंघटनांनीही वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. त्यांचं म्हणणं होतं, महिनोन्‌महिने रक्त जाणं याला 'किरकोळ' म्हणू नका. ज्या घरात रक्तामुळे बाई चुलीपासून दूर होते तिथे ते किरकोळ नसतं. 2017 मध्ये अंतरा सरकारी कार्यक्रमात आली आणि मी ती टोचायला लागले. मी ती देते, कारण नवऱ्याला न सांगता, रोज आठवण न ठेवता चालणारं एवढं भरवशाचं साधन गरीब बाईच्या हातात दुसरं फार नाही. तरी ओसरीवर पसरलेली ती तीन पानं पाहिली तेव्हा मला त्या 1986 च्या बाया बरोबर वाटल्या. अजूनही वाटतात.

आता कुठल्या रक्ताला थांबायचं नाही ते. तासाला एक कापड किंवा पॅड पुरतं भिजतंय आणि असं दोन तासांवर चाललंय. आठ दिवसांपेक्षा जास्त दिवस किंवा नेहमीच्या दुप्पट जातंय. चक्कर येते, दम लागतो. ताप, घाण वास. संबंधानंतर रक्त जातं. पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय. या शेवटच्यात गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, त्याला रात्रीसुद्धा थांबायचं नाही. साधन घ्यायच्या आधीच विनाकारण रक्त जात असेल तर आधी तपासणी, मग सुई. चाळिशीच्या पुढे नव्याने अनियमित जायला लागलं तर ते सुईच्या नावावर टाकायचं नाही, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची. आणि नुसत्या डागांनी जीव मेटाकुटीला आला असेल तरीही यायचं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड पाच दिवस, नाहीतर काही आठवडे गर्भनिरोधक गोळ्या, असे उपाय डॉक्टरांकडे आहेत. सहन करणं हा उपचार नाही.

तिला डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. चहा घेतला आणि सासूसमोर सारवणाची गोष्ट पुन्हा सांगितली. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे पाळीचं रगत नोहेच?" मी म्हटलं, पाळीचं नाही, सुईचं आहे. विटाळ मानू नये असं मी तिला आजवर दहा वेळा सांगितलंय, तेव्हा तिने ऐकलं नव्हतं. पण पाळी नाही म्हटल्यावर तिने स्वतःच दार उघडलं. त्या संध्याकाळी सुनेने भाकरी थापल्या. हा मार्ग मला पूर्ण पटत नाही. त्या रात्री मात्र लेकरू आईजवळ झोपलं.

दुसरी सुई तिने माझ्याकडे घेतली, तिसरीही. चौथ्या सुईच्या वेळी, मे महिन्यात, ती पुन्हा पान घेऊन आली. दुधाचा हिशोब होता, खालचे कोपरे सगळे कोरे. चेहरा तसाच घाबरलेला.

"आता येऊनच नाही राह्यली. दिवस गेले का वो?"

किटवर एकच रेघ आली. तिने ती पट्टी उजेडात धरून दोनदा पाहिली. मग पान गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मंग हे कोरं बी बरोबरच हाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि सुई भरायला घेतली.